डावा मांगं रायते

आधी उजवा कार्बोरेटर उघडला.
चार स्क्रू, त्यातल्या एकाचं डोकं आधीच कुणीतरी खाल्लेलं.
त्याला तापवत, थापटत, तेलाचा थेंब पाजत
अर्धा दिवस गेला.
वाटी खाली आली तेव्हा तिच्यात पेट्रोल नव्हतं,
डिंकासारखा हिरवा थर होता
आणि वास असा, की दुकानातला कुत्रा
उठून बाहेर गेला.

डाव्याच्या तोंडात कुंभारमाशीचं घर निघालं.
मातीचं, पाच खोल्यांचं. सगळ्या रिकाम्या.

गाडी दयाराम लोणारेची. राजदूत साडेतीनशे.
दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर,
आमच्या सिंदेवाहीकडे अशी एवढी एकच.
लोणारे म्हणजे झाडीपट्टीतला खलनायक.
दिवाळी ते होळी रोज वेगळं गाव, रोज रात्री एक खून,
आणि तिसऱ्या अंकात हा गाडीवर बसून
प्रेक्षकांमधून थेट स्टेजपर्यंत.
कापलेल्या धानाच्या बांधीत मंडप,
आधी अंधारातून आवाज, मग धूर, मग तो.
पोरं आईच्या लुगड्यात तोंड खुपसायची.
नवरगावला मीही खुपसलं होतं.

तो गेल्याला तीन वर्षं झाली.
त्याची पोरगी, रेवता, छोट्या हत्तीत घालून गाडी घेऊन आली.
म्हणाली, "विकाची नाई जी मिस्त्री,
मले चालवताबी येत नाई.
फक्त वाजली पाह्यजे."

जेट काढले, चिंचेच्या पाण्यात उकळले,
आई पितळेचा गुंड घासायची त्याच चिंचेत.
पायलट जेटमध्ये तार घालायची नाही.
युनूसभाई, चंद्रपूरचे माझे उस्ताद, म्हणायचे,
लोखंड घुसवलंस की भोक वाढतं,
मग गाडी जन्मभर पीतच राहते.
मी शिंदीच्या फड्याची एक काडी मोडली,
हळूच फिरवली, फुंकलं, उजेडाकडे धरलं.
एक चांदणी दिसली.
दुसऱ्यात दिसली नाही. पुन्हा चिंच.

गॅस्केट घरीच कापले.
सुई तिसऱ्या खाचेत. हवेचा स्क्रू दीड आटा बाहेर.
फ्लोटची उंची पट्टीवर मोजली, मग पट्टीवर विश्वास नव्हता म्हणून
पुन्हा मोजली.

तिसऱ्या दिवशी, आठव्या किकला, गाडी पेटली.
पण लंगडत. एक पाय टाकायची, एक ओढायची.
दोन्ही कार्बोरेटरनी हवा सारखी ओढायला हवी,
त्यासाठी रबरी नळी एका तोंडाशी धरायची, दुसरं टोक कानात,
आणि ऐकायचं: स्स्स. मग दुसऱ्याचं.
माझे कान सव्वीस वर्षांच्या सायलेन्सरांनी नेले.
मला दोन्हीकडून एकच ऐकू येत होतं, पोत्यातलं मांजर.

रेवता बाकावर बसून होती. ती नाटकात ऑर्गन वाजवते.
नळी मागितली. पदराने टोक पुसलं, कानाला लावलं,
डोळे मिटले नाहीत, भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे बघत राहिली.
"डावा मांगं रायते," म्हणाली.
मी स्क्रू पाव आटा फिरवला.
"आता पुढं चालला."
जरासा मागे.
"अजून."
किती?
"केसभर. कोमल आहे, शुद्ध करा."
मला यातलं काही कळत नाही. मी केसभर फिरवला.

लंगडणं थांबलं.
धुराने दुकान भरलं, कुत्रा पुन्हा बाहेर.
रेवताने ॲक्सिलरेटरला हात लावला नाही.
मीच पिळला एकदा, लोणारे पिळायचा तसा,
सोडून, थांबून, पुन्हा.

समोर पानठेल्यावर परसरामबुवा पाठमोरे बसले होते.
त्यांनी मान वळवली नाही.
फक्त म्हणाले, "आला रे, हलकट आला."
रेवता हसली. आधी हसली.

ती गेल्यावर ट्रे उचलला तर तळाशी
एक वॉशर उरलेलं.
कुठलं, ते आठवेना.
आवाज लांब, रेल्वे फाटकापर्यंत गेला होता, सरळ जात होता.
मी वॉशर खिशात टाकलं.